कुणीच क्लिक केलं नव्हतं

आमच्या दुकानाच्या हिशेबाचा कॉम्प्युटर एका सकाळी सुरूच होईना, आणि झाला तेव्हा असा झाला की मी घाईघाईनं त्याच्यावर टॉवेल टाकला. पडद्यावर बायकांची चित्रं. खाली फोन नंबर, ‘तुमच्याच शहरात’, ‘आजच भेटा’ असलं काहीबाही. एक चौकट बंद करावी तर दोन उघडत. सासूबाई माळ घेऊन पलीकडच्याच खोलीत बसलेल्या. शेवटी मी भिंतीतली पिनच उपटली.

लालबर्र्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक मुलगा आहे. तो आला, खुर्ची ओढून बसला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “काकीजी, क्लिक कुणी केलं?”

तो कॉम्प्युटर वापरणारे घरात पाच जण. हे म्हणाले, मी फक्त बिलं काढतो. दीर म्हणाले, मी तर हातही लावत नाही. दोन्ही पुतणे म्हणाले, आम्ही अभ्यास करतो. मुनीमजींनी कानावर हात ठेवले. हळूहळू सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली, कारण मी त्याच्यावर स्तवनं उतरवून घेते. “त्यातूनच आला असेल,” असा निकाल लागला. तो मुलगा कीबोर्डकडे बघत हसला, पण काही बोलला नाही. त्यानं आधी इंटरनेटची तार काढली. हिशेबाच्या फाइली तपासून वेगळ्या काढून ठेवल्या, मग सगळं पुसून नव्यानं भरलं. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलायला सांगितले. जाता जाता म्हणाला, “बहुतेक वेळा व्हायरस दार फोडून येत नाही, काकीजी. आतून कुणीतरी कडी काढतं. कुणी काढली ते कळलं नाही तर पुन्हा येईल.”

हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. मी बी.ए.ला साहित्य शिकले, त्याला तीस वर्षांवर काळ लोटला. समीक्षेच्या मोठमोठ्या संज्ञा आता आठवत नाहीत. पण एखादी कथा, नाटक किंवा बातमी वाचताना हा साधा प्रश्न विचारून बघावा, असं मला तेव्हापासून वाटू लागलं: यात क्लिक कुणी केलं? विशेषतः जिथे बाई विकली जाते, भाड्यानं घेतली जाते, तिथे तर हा प्रश्न विचारायलाच हवा. कारण तिथे विकत घेणारा कधी घरी नसतोच.

२००० सालच्या मे महिन्यात जगभरच्या कॉम्प्युटरांत एक व्हायरस शिरला होता. फिलिपिन्समधून निघालेला. ई-मेल यायची आणि तिचं नावच ‘आय लव्ह यू’. सोबत एक प्रेमपत्र जोडलेलं. लोकांनी ते उघडलं, आणि उघडताक्षणी ते पत्र त्यांच्या पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना आपोआप रवाना झालं. मोठमोठ्या कंपन्या आणि सरकारी कचेऱ्यांना आपली ई-मेल बंद ठेवावी लागली. ज्यानं तो व्हायरस सोडला तो पोरगा सापडला, पण त्या वेळी त्या देशात असा कायदाच नव्हता, म्हणून सुटला. मला त्यातली मौज अशी वाटते की त्यानं कुलूप तोडण्याची कसलीही करामत केली नव्हती. माणसाच्या मनात एक उघडी खिडकी आहे, एवढंच त्याला माहीत होतं. आपल्यावर कुणीतरी प्रेम करतं, हे वाचून हात थांबत नाही.

आजकाल तीच खिडकी दुसऱ्या कामाला येते. फोनवर जाहिरात येते, बाईचा फोटो असतो, खाली नंबर. तिला एस्कॉर्ट म्हणतात, म्हणजे शब्द इंग्रजी झाला की जणू धंदा कोट घालून येतो. नंबरवर बोललं की आधी थोडे पैसे बुकिंगचे. मग कार्डाचे. मग ‘सिक्युरिटी’चे, परत मिळणारे. मग खोलीचे. बाई येतच नाही, कारण कित्येकदा ती असतच नाही. फोटो कुठल्यातरी अनोळखी मुलीचा चोरलेला असतो. शेवटी एक भारदस्त आवाज येतो, मी अमुक ठाण्यातून बोलतोय, तुमचं नाव आमच्या यादीत आहे. किंवा व्हिडिओ कॉल येतो, त्याचं चित्रण होतं, आणि मग ते बायकोला पाठवू का म्हणून विचारणा. हे फसवणाऱ्यांना एक गोष्ट पक्की माहीत असते, की हा गिऱ्हाईक तक्रार करणार नाही.

परदेशातही तसंच. २०१५ साली ‘अ‍ॅशले मॅडिसन’ नावाच्या, लग्न झालेल्यांना चोरून भेटीगाठी जुळवून देणाऱ्या संकेतस्थळावर चोरी झाली आणि लाखो गिऱ्हाइकांची माहिती चव्हाट्यावर आली. पुढे उघड झालं की त्या पुरुषांशी गोड बोलणाऱ्या कितीतरी ‘बायका’ मुळात बायका नव्हत्याच, कंपनीनं बनवलेले प्रोग्रॅम होते. पैसे देऊन माणसं यंत्राशी लाडीगोडी करत बसली होती.

आता मुद्द्यावर येते. गेल्या वर्षी ओळखीतल्या एका घरातून असेच पैसे गेले. मोठी रक्कम. नवऱ्याचं वय पन्नाशीच्या पुढे, समाजात मान. बायकोला बँकेच्या मेसेजवरून कळलं. तो म्हणाला, मोबाइलमध्ये व्हायरस आला होता, त्यानं पैसे खेचले. ती माझ्याकडे आली, कारण आमच्या कॉम्प्युटरची कथा गावभर झालेली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिनं विचारलं, “भाभी, तुमच्याकडे आला होता तोच का? तो असे थोडेथोडे करून पाच वेळा पैसे घेतो का?”

मी काय उत्तर दिलं ते शेवटी सांगते.

ती गेल्यावर मी आपल्याच वाङ्मयाकडे वळले, कारण मला दुसरं काही सुचत नाही. आपल्याकडे गिऱ्हाइकाबद्दल काय म्हटलंय?

आधी शास्त्र. आपण लहानपणापासून सप्त व्यसनांची यादी पाठ करतो. जुगार, मांस, मद्य, वेश्या, शिकार, चोरी, परस्त्री. मैत्रिणींनो, ही यादी नीट बघा. ही यादी कुणाची आहे? जुगार म्हणजे जुगाऱ्याचं व्यसन, फाशांचं नव्हे. शिकार हे शिकाऱ्याचं व्यसन, हरणाचं नव्हे. मग चौथं व्यसन जाणाऱ्याचं की जिच्याकडे तो जातो तिचं? यादी उघड उघड जाणाऱ्याकडे बोट दाखवते. श्रावकाच्या चौथ्या अणुव्रताचे अतिचार तर आणखी स्पष्ट आहेत. ‘इत्वरपरिगृहीतागमन’ म्हणजे थोड्या काळापुरती, मोल देऊन घेतलेल्या स्त्रीकडे जाणं. बघा, तासावर भाड्यानं घेण्याला आपल्याकडे दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच शब्द होता, आणि तो शब्द विकणारीचं नाव घेत नाही, घेणाऱ्याचं कर्म सांगतो. शास्त्रकारांनी क्लिक करणाराच पकडला होता.

पण मग व्याख्यानात काय होतं? ऐकताना कान देऊन ऐका. व्यसनाचा विषय निघाला की पाच मिनिटांत गोष्ट बाईच्या रूपाकडे, नखऱ्याकडे, तिच्या जाळ्याकडे वळते. नागीण, विषवेल, दलदल. पुरुष बिचारा वाट चुकलेला पांथस्थ. व्याकरणात जो कर्ता होता तो वर्णनात कर्म होऊन बसतो. ही सांगण्याची सवय आहे, शास्त्राची आज्ञा नाही, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

याचं सगळ्यांत मोठं उदाहरण म्हणजे कोशा. आम्हा श्वेतांबरांच्या मंगलश्लोकात महावीर आणि गौतमस्वामींच्या पाठोपाठ स्थूलिभद्रांचं नाव येतं. त्यांची कथा हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात ‘परिशिष्टपर्वा’त विस्तारानं सांगितली आहे. पाटलीपुत्रात नंद राजाचा मंत्री शकटाल, त्याचा थोरला मुलगा स्थूलिभद्र. बारा वर्षं तो कोशा नावाच्या गणिकेच्या घरी राहिला. दरबारातल्या कारस्थानात बापाचा अंत झाला, राजानं मंत्रिपद देऊ केलं, तेव्हा त्यानं केस उपटून दीक्षा घेतली. पुढे चातुर्मासात संभूतिविजय गुरूंच्या शिष्यांपैकी एकानं सिंहाच्या गुहेपाशी, एकानं सापाच्या बिळापाशी, एकानं विहिरीच्या काठावर राहण्याचा नियम घेतला, आणि स्थूलिभद्रांनी कोशाच्या चित्रशाळेत. चारही जण परतले. गुरूंनी तिघांना ‘दुष्कर केलंत’ म्हटलं आणि स्थूलिभद्रांना ‘दुष्कर-दुष्कर’.

इथपर्यंतची कथा आपल्याला सगळ्यांना येते. ऐकताना डोळे भरून येतात, माझेही येतात. पण समीक्षक म्हणून मला दोन जागी थांबावंसं वाटतं.

पहिली जागा म्हणजे तो सिंहगुहेचा मुनी. त्याला मत्सर वाटला. यात काय मोठं, म्हणून पुढच्या चातुर्मासात तो कोशाच्या दारी गेला आणि तिला बघताच ढळला. आता नीट बघा, कोशानं त्याला जाळ्यात ओढलं असं कथेत नाही. ती म्हणते, आमच्याकडे द्रव्य लागतं. तो म्हणतो, माझ्याकडे काय आहे? नेपाळचा राजा साधूंना रत्नकंबल देतो असं कळतं, तर हा भर पावसाळ्यात, चातुर्मासाचा नियम मोडून, चिखल तुडवत नेपाळला जातो. कंबल बांबूत लपवून आणतो, वाटेत चोर अडवतात. घामाघूम होऊन तो ते तिच्या हाती देतो, आणि ती त्याच्यासमोर त्याला पाय पुसून ते गटारात टाकते. तो हळहळतो, अगं एवढं मोलाचं! मग ती त्याला विचारते की या कांबळ्याचं तुम्हाला वाईट वाटतं, आणि तुम्ही स्वतः जे रत्न चिखलात टाकलंत त्याचं? तो भानावर येतो, गुरूंकडे जाऊन आलोचना करतो.

माझ्या मते आपल्या वाङ्मयात गिऱ्हाइकाच्या अनुभवाची एवढी खरी नोंद दुसरी कुठे नाही. यात त्याचा हेवा आहे, लाज सोडून मागायला जाणं आहे, बुकिंगच्या पैशासारखं आधी इथे मग तिथे असं पुढे पुढे ओढत जाणं आहे, बांबूतली लपवाछपवी आहे. आणि शेवटी गमावलेल्या मालाबद्दलची हळहळ, गमावलेल्या स्वतःबद्दल नव्हे. फसलेला गिऱ्हाईक आजही ‘पैसे गेले’ म्हणूनच रडतो. पण या मुनीचं एक मोठेपण आहे, ते कुणी सांगत नाही. तो परत जाऊन सांगतो. मी गेलो होतो, मी केलं, हे तो स्वतःच्या तोंडानं गुरूंपुढे बोलतो. कोशानं मला पाडलं, असं म्हणत नाही. व्याख्यानात हा मुनी हास्यास पात्र ठरतो. मला मात्र वाटतं, स्थूलिभद्र होणं आपल्या घरच्या माणसांना जमणारं नाही, पण या मुनीसारखं परत येणं जमू शकेल.

दुसरी जागा याहून अवघड. स्थूलिभद्रांच्या उपदेशानं कोशा श्राविका झाली, व्रतं घेतली. पण ब्रह्मचर्याच्या व्रतात तिनं एक सवलत ठेवली: राजा ज्या पुरुषाला देईल तो सोडून. मग राजानं तिला खरंच एका रथिकाला बक्षीस म्हणून देऊन टाकलं. त्यानं तिला रिझवायला बसल्या जागेवरून बाणाला बाण जोडून आंब्याचा घोस तोडून दाखवला. तिनं मोहरीच्या राशीवर, सुईवर नाचून दाखवलं आणि म्हटलं, हे तुझं कठीण नाही, हे माझंही कठीण नाही, कठीण ते स्थूलिभद्रांनी केलं. रथिक विरक्त झाला.

ही गोष्ट सांगताना सगळा जोर मोहरीवरच्या नाचावर असतो. पण ती सवलत? ती का ठेवावी लागली? कारण ती नगराची गणिका, म्हणजे राजाची मालमत्ता. व्रत घ्यायलाही तिचं शरीर तिच्या ताब्यात नव्हतं. एवढं कडक व्रत घेणारी बाई, आणि त्याच्यात एक फट ठेवते, जिथून राजा आत येऊ शकेल. हेमचंद्राचार्यांनी ही फट लपवली नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा. आपण मात्र सांगताना तिच्यावरून उडी मारून पुढे जातो. या कथेत क्लिक करणारा शेवटचा माणूस राजा आहे, आणि त्याला कुणी आलोचना करायला सांगत नाही.

आता आपल्या काळाकडे येऊ. विजय तेंडुलकरांचं ‘कमला’ हे १९८१ चं नाटक. त्याच्या मुळाशी एक खरी घटना आहे. त्या वर्षी एप्रिल महिन्यात ‘इंडियन एक्सप्रेस’चे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी २,३०० रुपयांना एक बाई विकत घेतली आणि बायका बाजारात विकल्या जातात हे पुराव्यानिशी छापलं. ती बाई होती आपल्याच मध्य प्रदेशातली, शिवपुरीकडची. तेंडुलकरांनी नाटकात बाजार बिहारात नेला, किंमत २५० रुपये केली आणि पत्रकाराचं नाव ठेवलं जयसिंग जाधव. दिल्लीतला बंगला, सुशिक्षित बायको सरिता. जयसिंग कमलाला घरी आणतो, पत्रकार परिषदेत उभी करतो. १९८४ साली याच्यावर हिंदी चित्रपट निघाला. शबाना आझमी सरिता आणि दीप्ती नवल कमला. नाटक न वाचलेल्या पुष्कळजणींनी तो पाहिला असेल.

नाटकातला सगळ्यांत गाजलेला क्षण म्हणजे कमला सरितेला निरागसपणे विचारते की तुला यांनी कितीला घेतलं. सरिता हादरते, आणि तिथून तिला आपल्या संसाराकडे बघण्याची नवी दृष्टी मिळते. समीक्षकांनी या प्रश्नावर पुष्कळ लिहिलंय, आणि ते योग्यच आहे. पण मला त्याहून जास्त बोचतो तो दुसरा भाग. पत्रकार परिषद रंगमंचावर होतच नाही. ती झाल्यावर जयसिंग आणि त्याचा एक पत्रकार मित्र घरी येऊन, पीत पीत, हसत हसत सांगतात की कमलाला कोण काय विचारत होतं. फाटक्या कपड्यातली एक आदिवासी बाई, आणि तिला शिकलेले पुरुष घाणेरडे प्रश्न विचारतात. म्हणजे जे गिऱ्हाईक बाजारात होतं, तेच खुर्च्यांवर वही-पेन घेऊन बसलेलं होतं. तेंडुलकरांनी ते दाखवलं नाही, सांगायला लावलं, आणि तेही हसून. गिऱ्हाइकाचा अनुभव त्याच्याच तोंडून ऐकायचा असेल तर तो असाच ऐकू येतो, मित्रांच्या मैफलीत, चुटका म्हणून.

त्या पत्रकार मित्राचं आडनाव तेंडुलकरांनी ‘जैन’ ठेवलंय. वाचताना मी दचकले होते. हा जैन सरितेला थट्टेनं वेठबिगार म्हणतो, म्हणजे हसता हसता खरं बोलून जातो, पण त्या खऱ्याचं त्याला काही करायचं नसतं. आमच्या माणसांची ही ओळख मला लागली, आणि खोटी वाटली नाही.

नाटकावर माझा एक आक्षेप मात्र आहे. जयसिंग स्वतःला गिऱ्हाईक समजत नाही. मी तर बातमीसाठी घेतलं, असं तो म्हणणार. नाटक त्याला सोडत नाही, त्याची नोकरी जाते, सरितेचे डोळे उघडतात. पण कमला? तिला संस्थेत पाठवून दिलं की ती नाटकातून गेली. सरितेला जागं करायचं तिचं काम झालं. ज्या बाईचं नाव नाटकाला आहे, तिला नाटकानंही वापरून घेतलं की काय, असं मला वाटत राहतं. नाटककाराला हे कळत नव्हतं असं नाही. पण कळूनही पुढे जाण्याची वाट त्याला दिसली नसावी.

इथे मला चंदनबाला आठवते, आणि ही तुलना मी मुद्दाम करते. चंपेची राजकन्या वसुमती, लुटीत सापडली, कौशांबीच्या बाजारात उभी केली. गणिका तिच्यावर बोली लावत होती. धनावह शेठनं तिला मोल देऊन घेतलं आणि मुलगी म्हणून घरी आणलं. (दिगंबर परंपरेत ती चेटक राजाची मुलगी, नावंही वेगळी, पण बाजार, शेठ आणि संशय घेणारी शेठाणी तिथेही आहेत.) म्हणजे धनावहही विकत घेणाराच. जयसिंगसारखाच चांगल्या हेतूचा. फरक एवढाच की त्यानं तिला कुणाला दाखवायला उभं केलं नाही.

आणि शेठाणी मूला. चंदना शेठचे पाय धूत होती, तिचे लांब केस खाली घसरले, त्यांनी ते उचलून वर ठेवले. मूलेनं पाहिलं. शेठ गावाला गेल्यावर तिनं चंदनेचं मुंडण केलं, पायात बेड्या घातल्या, कोंडून ठेवलं. तीन दिवसांनी शेठ परतले, घरात होते ते उडदाचे बाकळे सुपात घालून तिला दिले आणि लोहाराला आणायला गेले. उंबऱ्याच्या आत एक पाय, बाहेर एक पाय, अशा स्थितीत तिच्या हातून महावीरांचं पारणं झालं. पुढे तीच साध्वीसंघाची प्रमुख झाली.

आपण मूलेला दुष्ट म्हणून सोडून देतो. मी इतकी वर्षं तेच केलं. पण मूलेनं केलं ते आपण सगळ्या करतो. नवऱ्याबद्दल शंका आली, की नवऱ्याला विचारायचं नाही. कात्री घेऊन त्या दुसरीकडे जायचं. शेठ निर्दोष होते हे खरं, पण मूलेला ते माहीत नव्हतं. तिनं एक प्रश्न विचारला असता तर कळलं असतं. सरिता कमलाशी बोलते आणि शेवटी नवऱ्याला प्रश्न विचारायला शिकते. मूला बोलतच नाही. दोन हजार वर्षांत दोघींमध्ये काही वाट चालली गेली असेल तर ती एवढीच.

रोजच्या वर्तमानपत्राकडे बघा. ‘सेक्स रॅकेटचा पर्दाफाश.’ फोटोत ओढणीनं तोंड झाकलेल्या मुली रांगेत. त्यांची संख्या, वय, कुठून आल्या ते सगळं. गिऱ्हाइकाचा उल्लेख एका ओळीत, कधी तोही नाही. १९५६ चा आपला कायदा वाचला तर त्यातही असंच. देऊळ, शाळा, दवाखाना यांच्यापासून २०० मीटरच्या आत हा व्यवहार झाला तर ‘ज्याच्याबरोबर झाला’ त्यालाही शिक्षा आहे, तीन महिन्यांपर्यंत. त्या हद्दीबाहेर तो केवळ गिऱ्हाईक म्हणून कायद्याला सहसा दिसत नाही. स्वीडननं १९९९ पासून विकत घेण्यालाच गुन्हा ठरवलं, विकणाऱ्या बाईला नाही. ते बरोबर की चूक यावर तिकडेही वाद आहेत, या व्यवसायातल्या कितीतरी बायकांना ते नको आहे, आणि त्यांचं ऐकायला हवं. आपल्याकडे १९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं या बायकांनाही सन्मानानं जगण्याचा हक्क आहे असं सांगितलं, आणि छाप्याच्या बातम्यांत त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून निर्देश दिले. बातमी लिहिणाऱ्यांनी तेवढं पाळलं तरी भाषा बदलेल. ओढणीतल्या मुलींचं वर्णन काढून टाकलं की वाक्यात जागा रिकामी होईल, आणि मग तिथे कोण होतं असं विचारावंच लागेल.

आता त्या दिवशी मी काय उत्तर दिलं ते.

मी तिला म्हटलं, “हो, असू शकतो. आजकाल काहीही व्हायरस येतात.” तिचा चेहरा सैल झाला. मी चहा केला. व्हायरस सहसा असे पाच वेळा थोडेथोडे पैसे मागत नाही, हे मला माहीत होतं. अशा वेळी बहुधा कुणीतरी पिन टाकलेला असतो. पण घर मोडू नये, तिला त्रास होऊ नये, आपण कशाला बोला, असं सगळं एका क्षणात मनात आलं आणि मी त्या घरातला सहावा माणूस झाले, ज्यानं क्लिक केलं नव्हतं.

यातून वाईट ते पुढेच झालं. घरात सासरची माणसं तिलाच बोलू लागली. तुझं लक्ष कुठे होतं? तू फोन बघायला हवा होतास. तो मोठा माणूस, त्याला यातलं काय कळतं? पैसे गेले ते व्हायरसनं, आणि दोष लागला तिला. या फसवणुकीत तक्रार जितकी लवकर होईल तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. त्यासाठी १९३० हा नंबर आहे. पण ‘व्हायरस’ म्हणून सोडून दिल्यावर तक्रार कोण करणार? माझ्या गोड खोट्यानं तिचे ते दिवस वाया गेले.

आपल्या भाषेत ‘आलोचना’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. हिंदीत, आणि आता मराठीतही, आलोचना म्हणजे समीक्षा, दुसऱ्याचं गुणदोष सांगणं. आपल्या धर्मात आलोचना म्हणजे गुरूंपुढे स्वतःचा दोष जसाच्या तसा सांगणं. प्रायश्चित्ताच्या प्रकारांत ती पहिली येते, बाकी सगळं तिच्यानंतर. दुरुस्त करणाऱ्या त्या पोराचा क्रमही हाच होता. आधी काय घडलं ते कबूल करा, मग पुसू. हा लेख मी पहिल्या अर्थानं लिहायला घेतला होता, आणि इथे येऊन तो दुसऱ्या अर्थाचा झाला.

संवत्सरीच्या संध्याकाळी प्रतिक्रमणानंतर मी तिच्याकडे गेले. सगळे एकमेकांना ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणत होते. मी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं, “मी तुला खोटं बोलले. व्हायरस सहसा असे पैसे घेत नाही.”

ती म्हणाली, “मला माहीत होतं, भाभी.” मग जरा थांबून म्हणाली, “पण तुम्ही पण तेच म्हणालात, तेव्हा वाटलं की सगळ्यांनी मिळून ठरवलंय.”

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला समोर बसवून तिनं १९३० लावला. तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं स्वतः फोन घेतला आणि पहिल्या पैशापासून सांगायला सुरुवात केली. मी तिथे नव्हते, हे तिनं मला नंतर सांगितलं. पैशाचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

या चातुर्मासात व्याख्यानात कोशाची कथा निघेल. निघाली की महाराजसाहेबांना विनयानं एवढंच विचारा, की व्रतातली ती राजाची सवलत कुणी मागितली होती? आणि घरी गेल्यावर जेवताना, मुलगे आणि नवरे ताटावर असताना, त्या रत्नकंबलवाल्या मुनीची गोष्ट सांगा. तो गेला होता, हेही सांगा. तो परत आला आणि बोलला, हेही.